हुडकेश्वरची तेलाची बाटली
अल्प भांडवलात खाद्यतेल-पुनर्भरण : एक अनुभव आणि त्यातून निघालेले काही दंडक



रुग्णाला पथ्य सांगताना आपण सर्वच जण एक वाक्य हमखास उच्चारतो : ‘तेल घाण्याचे घ्या.’ रुग्ण मान डोलावतो, कागद घडी घालून खिशात ठेवतो, आणि जाता जाता विचारतो, ‘ते मिळते कोठे?’ ह्या प्रश्नापाशी आपले शास्त्र थांबते आणि व्यवहार सुरू होतो. दक्षिण नागपुरात म्हाळगीनगर चौकातून पिपळा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, हुडकेश्वर परिसरात, आमचा चिकित्सालय व लहानशी औषधनिर्मिती आहे. हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला, की अखेर आम्ही स्वतःच त्याचे उत्तर होण्याचे ठरविले. त्या प्रयत्नात प्रथम आम्ही चुकलो. त्या चुकीची आणि नंतर बसविलेल्या पद्धतीची हकिकत येथे देत आहोत. कारण हा व्यवसाय करू इच्छिणारे आमचे अनेक सहकारी त्याच वळणावर उभे आहेत.

पहिली चूक

योजना अगदी साधी होती. ओळखीच्या घाण्यावरून शेंगदाणा, तीळ व जवस ह्यांचे तेल पंधरा किलोच्या पिप्यांत आणावे, त्याला तोटी बसवावी, औषधालयाच्या दर्शनी भागात ठेवावे, आणि रुग्णांनी घरून आणलेल्या बाटल्या भरून द्याव्यात. प्लास्टिकचा कचरा वाचेल, रुग्णाला स्वस्त पडेल, आपला शब्दही खरा ठरेल, असा आमचा हिशेब होता. आरंभीचा खर्च काही हजारांच्या पलीकडे गेला नाही.

मे महिन्याचा उन्हाळा होता. नागपूरचा मे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरील वाचकांस सांगावे लागेल. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि काचेच्या दर्शनी दारातून येणारे ऊन दुपारभर हलत नाही. तिसऱ्या आठवड्यात आमच्या एका जुन्या रुग्ण काकू बाटली घेऊन परत आल्या. त्यांनी रागावून नव्हे, संकोचूनच सांगितले, ‘डाक्टरसाहेब, तुमच्या तेलाची फोडणी देली का घरात पेंटचा वास येते जी.’

काकूंचे निदान अचूक होते. जवसाचे तेल हे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळणारे तेल आहे. त्यातील स्निग्धाम्लांपैकी सुमारे निम्मा वा त्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ज्या गुणासाठी आधुनिक आहारशास्त्र जवसाचे कौतुक करते, तोच गुण त्याला नाशवंत करतो. लाकडाला लावण्याच्या रोगणात आणि रंगात हे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते, ते ह्याच कारणाने. ऊन, उष्णता आणि अर्धा रिकामा पिपा ही तिन्ही एकत्र आली, आणि आमच्या दुकानात खाद्यतेलाचे रोगण होऊ लागले.

दुसरा दोष त्याहून गंभीर होता, आणि तो आमच्या ध्यानात नंतर आला. सुटे खाद्यतेल विकणे हे मुळात कायद्याला मान्य नाही.

कायदा असा का झाला?

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातून विषबाधेची मोठी साथ पसरली. साठाहून अधिक माणसे दगावली आणि हजारोंना बाधा झाली. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. ही वनस्पती आपणांस परिचित आहे. काही जण स्वर्णक्षीरी म्हणून तिलाच ओळखतात. तिची बी दिसावयास मोहरीसारखीच असते. त्यातील सँग्विनारिन हे द्रव्य केशवाहिन्यांची भित्ती सैल करते. पायांवर शोथ, श्वासकष्ट, हृदयाची दुर्बलता आणि काही रुग्णांत काचबिंदू, असे लक्षणसमुच्चय दिसतात. शोथाचा रुग्ण समोर आला असता हृदय, वृक्क व यकृत तपासतानाच ‘तेल कोठून आणता?’ हा प्रश्नही विचारावा, हा त्या साथीचा आपल्यासारख्या चिकित्सकांना मिळालेला धडा आहे.

त्याच वर्षी केंद्र शासनाने खाद्यतेल वेष्टन (नियमन) आदेश काढला. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, आणि त्याखालील २०११ च्या विक्री-निर्बंधविषयक विनियमांत हाच दंडक कायम राहिला : वेष्टित, चिन्हांकित व लेबल लावलेले नसेल असे खाद्यतेल विकू नये. विशेष परिस्थितीत, ठरावीक मुदतीसाठी व लेखी कारणे नोंदवून राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त सूट देऊ शकतात. परंतु ती सूट हा अपवाद आहे, धंद्याचा पाया नव्हे.

म्हणजे तोटी लावलेला पिपा आणि ग्राहकाची बाटली हे चित्र कितीही पर्यावरणस्नेही दिसले, तरी ते करू नये. आम्ही ते त्याच आठवड्यात बंद केले. उरलेले तेल दिव्यासाठी वापरले.

मगनवाडीचे स्मरण

प्रयत्न सोडून देण्यापूर्वी आम्ही वर्ध्याला जाऊन आलो. नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत डिसेंबर १९३४ नंतर अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य उभे राहिले. महात्मा गांधींची प्रेरणा, जमनालाल बजाज ह्यांनी दिलेली जागा आणि जे. सी. कुमारप्पा ह्यांचे संघटन, असा तो योग होता. हातकागद, मधमाश्यापालन, गूळ ह्यांबरोबर तेलघाणी हा तेथील अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. झवेरभाई पटेल ह्यांनी तेथे जुन्या घाण्याचे दोष शोधून ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली जाणारी सुधारित घाणी सिद्ध केली. वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदीलही त्याच परिसरातला. आज तेथे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था कार्यरत आहे.

मगनवाडीपासून घेण्याजोगा विचार आमच्या मते असा : घाणी टिकवायची असेल तर केवळ तिचा गौरव करून भागत नाही, उतारा मोजावा लागतो, ढेपेत किती तेल राहिले ते पाहावे लागते, आणि तेल्याला दिवसाकाठी काय सुटते ह्याचा हिशेब मांडावा लागतो. भावना आणि वही ह्या दोन्ही हातांत असल्या तरच ग्रामोद्योग चालतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात भावना होती, वही नव्हती.

पुनर्भरणाची विहित वाट

पुनर्भरण शक्य आहे. मात्र बाटली ग्राहकाची नव्हे, आपली असावी. आम्ही स्वीकारलेली पद्धत पूर्वीच्या दुधाच्या बाटलीची आहे. ग्राहक अनामत ठेवून गडद काचेची, मोहोरबंद, लेबल लावलेली बाटली नेतो. रिकामी बाटली परत आणतो आणि भरलेली दुसरी नेतो. परत आलेली बाटली भरण-कक्षात धुतली, वाळविली, तपासली, भरली, मोहोरबंद केली आणि नव्या लेबलासह पुन्हा मांडणीवर आली, की चक्र पूर्ण होते. ग्राहकाच्या दृष्टीने हे पुनर्भरणच. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक विक्री वेष्टित मालाची.

काच पुन्हा वापरता येते, परंतु ती टिकाऊ व निर्जंतुक करण्याजोगी असली पाहिजे. पत्र्याचे डबे मात्र एकदा वापरल्यावर अन्नासाठी पुन्हा भरू नयेत, असा वेष्टनविषयक विनियमांचा स्पष्ट दंडक आहे. दुकानोदुकानी दिसणारे जुने पिपे त्यामुळे बाद ठरतात.

दुसरी एक वाट आपल्या गावांत पूर्वापार आहे : कास्तकाराने वा गृहस्थाने स्वतःचे दाणे आणावेत, समोर पिळून घ्यावेत, तेल व ढेप दोन्ही घरी न्यावीत आणि पिळाई द्यावी. येथे तेलाची विक्री होत नाही, सेवेची होते. घाणा चालविणाऱ्यास अन्न व्यवसायाची नोंदणी मात्र लागतेच. दोन्हींपैकी कोणतीही वाट धरण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर संग्रही ठेवावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

पूर्तता करावयाच्या गोष्टी थोडक्यात अशा. उलाढालीच्या मर्यादेनुसार अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना. वैधमापन खात्याकडून मुद्रांकित काटा व मापे, आणि वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार नोंदणी. लेबलावर तेलाचे नाव, निव्वळ परिमाण, घट क्रमांक, भरल्याची व वापराच्या अखेरची तारीख, किंमत, शाकाहारी चिन्ह, पोषणमाहिती, नोंदणी क्रमांक व तक्रारीसाठी पत्ता. दोन तेलांचे मिश्रण करू नये; मिश्र खाद्यतेलास ॲगमार्क अनिवार्य आहे आणि लहान उद्योजकास ते झेपणारे नाही.

कोणती तेले, कोणती नव्हेत

न शुद्ध करता खाण्याजोगी तेलेच लहान उद्योगाने हाताळावीत : तीळ, शेंगदाणा, करडई, मोहरी, खोबरे, जवस. सरकी ही विदर्भात विपुल; परंतु तिच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि शुद्धीकरणावाचून ते खाण्यायोग्य होत नाही. सोयाबीनमध्ये तेल थोडे असल्याने ते प्रायः द्रावकाच्या साहाय्याने काढतात. ही दोन्ही आपल्या कक्षेबाहेरची.

येथे आपल्या संहितांचेही स्मरण ठेवावे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात स्थावर स्नेहांमध्ये तिलतैल हितकरांत अग्रस्थानी आणि कुसुंभस्नेह, अर्थात करडईचे तेल, अहितकरांत गणले आहे. अतसीतैल उष्ण व नेत्रांस अहितकर मानले गेले आहे. दुसरीकडे सावजी रसोईपासून घरच्या चटणीपर्यंत जवस हे नागपूरकरांच्या सात्म्याचा भाग आहे, आणि जवसाचे संशोधनकेंद्र येथल्याच कृषी महाविद्यालयात आहे. तेव्हा प्रकृती, ऋतू, सात्म्य पाहून सल्ला द्यावा. मांडणीवर जे आहे तेच सर्वांना पथ्यकर, असे सांगण्याचा मोह टाळावा. वैद्य विक्रेता झाला की हा मोह अटळ असतो. आम्ही त्यासाठी एक नियम घालून घेतला आहे : चिठ्ठीवर तेलाचा प्रकार लिहावा, दुकानाचे नाव कधीही लिहू नये.

‘घाण्याचे म्हणजे निर्दोष’ ही समजूतही तपासून घ्यावी. ओलसर शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन निर्माण करते. मोठ्या कारखान्यातील शुद्धीकरणात त्याचा मोठा भाग निघून जातो; घाण्याच्या तेलात तो राहण्याचा संभव असतो. म्हणून दाणा निवडणे हेच आपले शुद्धीकरण होय. सुरकुतलेला, काळवंडलेला, फुटका दाणा हाताने वेगळा काढल्याविना आम्ही एकही घाण पिळू देत नाही, आणि ठरावीक अंतराने नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवितो. आम्लमूल्य, पेरॉक्साइड मूल्य, आयोडीन मूल्य, अफ्लाटॉक्सिन व धोतऱ्याच्या तेलाची कसोटी एवढ्यांचा अहवाल मागवावा. तिळाच्या तेलासाठी बोडुआँ कसोटी आपल्या औषधनिर्मितीतही उपयोगी आहे. हिच्या आधारे वनस्पती तूप ओळखता यावे म्हणूनच त्यात तिळाचे तेल मिसळण्याची कायद्याने सक्ती करण्यात आली होती.

भांडवल व हिशेब

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिले आहेत. प्रत्येकाने कळमना वा आपल्या बाजारातील त्या दिवसाचे भाव घालून गणित पुन्हा मांडावे.

१०० किलो निवडलेला शेंगदाणा, भाव किलोला १२० रुपये : १२,००० रुपये. पिळाई किलोला १० रुपये : १,००० रुपये. एकूण १३,०००. उतारा ४० किलो तेल, ५८ किलो ढेप, २ किलो तूट. ढेप किलोला ४० रुपयांनी गेली तर २,३२० रुपये परत. म्हणजे ४० किलो तेल १०,६८० रुपयांना, अर्थात किलोला २६७ रुपये पडले. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणून लिटरला सुमारे २४३ रुपये. धुणे, झाकण, मोहोर व लेबल १२ रुपये; तपासणी व घट १० रुपये. एकूण २६५. तीनशेला विकल्यास लिटरमागे ३५ रुपये राहतात. महिन्याला ३०० लिटर गेले तर १०,५०० रुपये. त्यातून मदतनिसाचा पगार व वीज जावयाची.

आता उतारा ४० ऐवजी ३६ किलो आला असे समजा. ढेप ६२ किलो झाली, तरी तेल किलोला सुमारे २९२ व लिटरला सुमारे २६६ रुपये पडते. लिटरमागे २३ रुपये गेले आणि ३५ चा नफा १२ वर आला. घाण्यावर उभे राहून तेल व ढेप दोन्ही वजन करून घेणे का आवश्यक आहे, ते ह्यावरून कळेल.

किलो आणि लिटर ह्यांतील गोंधळ हा ह्या धंद्यातील जुना रोग आहे. किलोच्या भावात लिटर भरून दिल्यास ग्राहक आठ-नऊ टक्क्यांनी नाडला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल-उत्पादकांना परिमाण तापमानाच्या उल्लेखावाचून आकारमानात व त्याबरोबरच वजनातही छापण्याचे निर्देश दिले, ते ह्याचसाठी. आम्ही वजन करूनच भरतो. उन्हाळ्यात प्रसरण पावलेले तेल मापाला फसविते, काट्याला नाही.

आरंभीचे भांडवल : २०० काचेच्या बाटल्या प्रत्येकी ३५ रुपयांप्रमाणे ७,००० रुपये, तोटी व घट्ट झाकण असलेल्या पोलादी टाक्या, काटा, झाकण बसविण्याचे हातयंत्र, धुण्याची व वाळविण्याची सोय, पहिली तपासणी व नोंदणी मिळून साधारण ४०,००० रुपये. महिन्याच्या ३०० लिटरसाठी सुमारे ६८० किलो दाणे, म्हणजे सुमारे ८२,००० रुपये लागतात. पंधरा-पंधरा दिवसांनी पिळून घेतल्यास निम्मे, ४१,०००, पुरतात. एकंदर लाखाच्या आत आरंभ होतो. पैसा यंत्रात अडकत नाही, दाण्यात अडकतो, हे लक्षात ठेवावे. स्वतःचा घाणा पहिल्या दिवशी घेऊ नये. वर्षभर दुसऱ्याच्या घाण्यावर पिळून घ्यावे, मागणी स्थिर झाली की मगच यंत्राचा विचार करावा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अशा कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. अर्जाच्या वेळची स्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. अनुदान मिळेल ह्या भरवशावर मात्र धंदा सुरू करू नये.

बाटली व साठवण

तेलाचा शत्रू पाणी. घाण पिळताना थोडे पाणी शिंपडण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे ताजे तेल तीन-चार दिवस झाकून निवळू द्यावे आणि स्वच्छ सुती वस्त्रातून गाळावे. बाटली गरम पाण्याने व क्षारयुक्त साबणाने धुऊन, उताणी न ठेवता पालथी, पूर्ण कोरडी करावी. धुतल्यावर नाकाने तपासावी. जुन्या तेलाचा वास राहिलेली, फिनेल वा रॉकेलचा संशय असलेली बाटली मोडीत टाकावी. परत आलेल्या शंभर बाटल्यांतील एखादी घरी दुसऱ्याच कामाला वापरली गेलेली असते, हा आमचा अनुभव आहे. नव्या तेलाची भर जुन्या तेलावर कधीही घालू नये. टाकी रिकामी, स्वच्छ, कोरडी करूनच पुढचा घट ओतावा. बाटली गळ्यापर्यंत भरावी, आत हवा कमी राहील. जवस महिन्याला लागेल तेवढेच पिळावे, लहान बाटल्यांत द्यावे आणि मे महिन्यात शक्यतो देऊच नये.

औषध आणि अन्न ह्यांची सरमिसळ नको

औषधनिर्मात्या वाचकांस हा भाग विशेष महत्त्वाचा. सिद्ध तैले १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि अनुसूची ‘टी’च्या निकषांनुसार होतात, खाद्यतेल अन्न कायद्याखाली येते. एकाच छताखाली दोन्ही असली, तरी खोली, भांडी, नोंदवही व कामगाराचा पोशाख वेगळा असावा. खाद्यतेलाच्या लेबलावर ‘संधिवातावर उपयुक्त’, ‘हृदयरोग दूर ठेवते’ अशी वाक्ये छापणे म्हणजे अन्नाचे औषध करणे होय. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदाही आपल्याला ठाऊक आहेच. मात्र एक लाभ निश्चित आहे. मूर्च्छनासाठी उत्तम तिलतैल आपणांस स्वतःलाच लागते. ती घरची मागणी म्हणजे पहिल्या महिन्यांतील हक्काचे गिऱ्हाईक, आणि तेलाची गुणवत्ता राखण्यास सर्वांत कडक परीक्षकही.

समारोप

आज आमच्याकडे दोनशेपैकी बहुतेक बाटल्या फिरत असतात. उत्पन्न मोठे नाही. एका मदतनीस ताईंचा पगार निघतो आणि थोडे उरते. ज्या काकूंनी तेल परत आणले होते, त्या आता नेमाने शेंगदाण्याची बाटली नेतात. नेण्यापूर्वी तेथेच झाकणाजवळ नाक नेऊन मोहोर पाहतात, तारीख वाचावयास आम्हांस लावतात आणि मगच पैसे काढतात. त्यांच्या ह्या तपासणीचा आम्हांस राग येत नाही. आमचा शब्द त्यांनी एकदा विश्वासाने घेतला होता आणि तो खोटा पडला होता. आता त्या आमच्या शब्दावर नव्हे, बाटलीवर विश्वास ठेवतात, आणि हेच योग्य आहे. ज्या सहकाऱ्यांना हा व्यवसाय आरंभावयाचा आहे, त्यांनी प्रथम नोंदवही आणावी, मग काटा, मग बाटल्या. तेल सर्वांत शेवटी आणावे.

इत्यलम्.